जोडकार्ड



ज्या ग्रंथपाल गुरुजींच्या स्मरणार्थ गांधीबागेत ही व्याख्यानमाला भरते, त्यांची एक सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे. कोणाला व्याख्यानाला बोलवायचे असले की ते जोडकार्ड पाठवीत. समोर बरीच तरुण मंडळी आहेत, म्हणून सांगते. जोडकार्ड म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन पोस्टकार्डे. एकावर आपला मजकूर लिहायचा. दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालायचा आणि बाकीचे कोरे सोडायचे. ज्याला ते मिळेल त्याने दुसरे कार्ड वेगळे करायचे, उत्तर लिहायचे, पेटीत टाकायचे. त्याला पदरचा पैसा लागत नसे. उत्तर हवे असेल तर उत्तराचा खर्च विचारणाऱ्याने आधी भरावा, हा गुरुजींचा नेम होता.

मी छत्तीस वर्षे टेलिफोन खात्यात काढली. त्यातली पहिली सतरा-अठरा वर्षे ट्रंक बोर्डावर गेली, कानाला हेडसेट आणि दोन्ही हातांत कॉर्ड. 'दूरसंचार आणि प्रसारण यांच्या पायाभूत सोयी' हा विषय मला दिला, तेव्हा मनात पहिले आले ते गुरुजींचे जोडकार्डच. कुठलाही मनोरा, तार, केबल, डबी पाहिली की गेली कित्येक वर्षे माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. यातून आवाज जातो तो ठीक, पण पलीकडच्या माणसाला उत्तर द्यायचे झाले तर त्याची सोय केली आहे का, आणि त्याचा खर्च कोणी उचलला आहे? आजचे सगळे बोलणे या एकाच प्रश्नाभोवती आहे.

आपल्या नागपुरात चौकांना फार प्रामाणिक नावे मिळतात. सिव्हिल लाइन्सकडे जीपीओ चौक आहे, आकाशवाणी चौक आहे. इकडे सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर टेलिफोन एक्स्चेंज चौक आहे. ११ डिसेंबर २०२२ ला मेट्रोची ही पूर्वेकडची मार्गिका सुरू झाली, तेव्हा अग्रसेन चौक आणि चितार ओळीच्या पुढच्या स्टेशनाला लोकांच्या तोंडचेच नाव दिले, टेलिफोन एक्स्चेंज. पोस्ट, रेडिओ आणि टेलिफोन ही तिन्ही खाती शहराच्या नकाशावर अशी कायमची बसली आहेत. मला याचे फार अप्रूप वाटते. हवेतून आणि तारेतून जाणारे बोलणे शेवटी कुठल्या तरी जमिनीवर, कुठल्या तरी इमारतीत, माणसांच्या पाळ्यांवर उभे असते, हे ही नावे विसरू देत नाहीत.

सुरुवात तारेपासून करू. २४ मार्च १८५४ ला आग्र्याहून कलकत्त्याला तारेने संदेश गेला. ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने हे जाळे विणले आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने त्याच्यामागे सरकारचे बळ उभे केले. त्याच्या तीनच महिने आधी, ११ डिसेंबर १८५३ ला, तिसरे रघुजीराजे भोसले वारले होते आणि १८५४ मध्येच त्याच डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावरून, एकाच वर्षात झाल्या. माझ्या मते त्या एकमेकींपासून वेगळ्या काढून वाचू नयेत. तार आली ती आधी हुकूम पोहोचवायला. महालातल्या राण्यांची गाऱ्हाणी मात्र अर्ज-विनंत्यांच्या जुन्याच वाटेने जात राहिली.

मग आला कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. रुळांच्या कडेने तारेचे खांबही असतच. १८७० च्या जूनमध्ये मुंबई थेट समुद्राखालच्या केबलने इंग्लंडला जोडली गेली. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा रेल्वेफाटा खुला करायला स्वतः आले. लिव्हरपूलच्या बाजारात काय भाव निघाला, हे कळायला पूर्वी जहाजाच्या टपालाने आठवडेच्या आठवडे लागत. आता तो भाव मुंबईत काही तासांत आणि तिथून वऱ्हाडच्या मंड्यांत पोहोचू लागला.

पण पोहोचू लागला तो कोणाकडे? तारघरात पैसे मोजू शकणाऱ्या आडत्याकडे आणि युरोपियन कंपन्यांच्या दलालांकडे. बैलगाडीत कापूस घालून रात्रभर चालत आलेल्या शेतकऱ्याला भाव कळायचा तो समोरच्याने सांगितला तेवढाच. तीच तार, तोच खांब, तोच कापूस, पण ज्ञानाचे माप दोघांच्या पदरात सारखे पडले नाही. तारेमुळे बाजार एक झाला असे इतिहासात वाचतो आणि ते खरेही आहे. त्या एका बाजारात बोलण्याचा हक्क कोणाकडे होता, हे विचारल्याखेरीज ते वाक्य मला पुरे वाटत नाही.

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीचे कापड, कोष्ट्यांच्या मागावरची नागपुरी लुगडी, पुढे सुरत-अहमदाबाद आणि मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटचा माल, या सगळ्यातून इतवारी आणि गांधीबागेची ठोक पेठ वाढत गेली. आजही हँडलूम मार्केटच्या गल्लीत सकाळी गेलात तर हमालांच्या पाठीवरच्या गाठींना वाट देत चालावे लागते. या पेठेचा जीव मी आतून ओळखते, कारण तिचा आवाज वर्षानुवर्षे माझ्या कानांतून गेला आहे.

ट्रंक बोर्ड कसा असे ते सांगते. समोर उभी फळी, तिच्यावर रांगेने भोके, म्हणजे जॅक. खाली टेबलावर कॉर्डच्या जोड्या. एकशे ऐंशीला फोन करून गिऱ्हाईक कॉल बुक करी. आम्ही एक तिकीट भरायचो. कुठून, कुठे, साधा की अर्जंट की लाइटनिंग, नंबर की पीपी. पीपी म्हणजे विशिष्ट माणसासाठीचा कॉल. तो माणूस आला तरच बोलणे सुरू होई. तिकीट पुढे त्या मार्गाच्या बोर्डावर जाई आणि लाइन मोकळी होण्याची वाट बघत पडून राही. सुरतेला तीन तासांचा डिले, मुंबईला चार तासांचा, दिवाळीच्या तोंडावर त्याहून जास्त. नंबर लागला की दिवा पेटायचा, कॉर्ड जॅकमध्ये जायची, चावी ओढून दोन्ही टोकांना हाक द्यायची. तीन मिनिटे झाली की मध्ये पडून विचारायचे, "तीन मिनिट झाले, वाढवायचे का?"

लग्नसराईत गांधीबागेच्या गाद्यांवरून दिवसभर बुकिंग येत असे. "बहनजी, सूरत जरा जल्दी लगाइए" ही विनवणी मी इतक्यांदा ऐकली आहे की ते शेठजी आवाजावरून मला ओळखू येत. दर, गाठी, उधारीची मुदत, ट्रक निघाला की नाही, एवढ्यातच तीन मिनिटे संपत. या पेठेत त्या काळी फोन गादीवर असे आणि आसपासच्या दहा घरांचा नंबरही तोच. लग्नपत्रिकेवर, दवाखान्याच्या कागदावर लोक तो नंबर लिहीत आणि पुढे 'पीपी' अशी दोन अक्षरे घालीत. आमच्या खात्यातल्या शब्दाला पेठेने दिलेला हा नवा अर्थ, शेजाऱ्याचा फोन. एका तारेवर किती घरे जगत होती हे त्या दोन अक्षरांत दिसते.

एक प्रसंग माझ्या मनातून गेलेला नाही. सत्तरच्या दशकातला जुलै महिना होता. अहेरीच्या पोस्टातून एक पीपी कॉल आला. अहेरी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होती. गडचिरोली जिल्हा पुढे १९८२ मध्ये झाला. कॉल गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानासाठी होता, पण बोलायचे होते तिथे हमाली करणाऱ्या एका माणसाशी. पलीकडे त्याचा भाऊ होता. मुनीमजींनी फोन उचलला, नाव ऐकले आणि "थांबा बाई, बघतो" म्हणून ते पावसात बाहेर पडले. एरवी पीपीला माणूस नाही मिळाला तर तिकीट रद्द करून पुढे जायचे. मी थांबले. मुनीमजी तीन गल्ल्या हिंडून त्या माणसाला घेऊन आले. त्याने धापा टाकत "हॅलो" म्हटले, पलीकडून "दादा, आईले..." एवढे आले आणि लाइन गेली. चंद्रपूरच्या पुढे वादळात खांब पडले होते.

त्याने मला विचारले, "बाई, मी इथून लावू का?" कुठे लावणार? पलीकडे कोणाच्या घरी फोन नव्हता. होते ते पोस्टातले सार्वजनिक टेलिफोन, आणि पोस्टाची वेळ संपली होती. त्याच्याकडे निरोप आला होता, अर्धा का होईना. त्याच्याकडून तिकडे शब्द जायला वाटच नव्हती. रात्री दहापर्यंत तो माणूस गादीच्या पायरीवर बसून होता, हे मुनीमजींनी मला सांगितले. मग तो एसटी स्टँडवर गेला. पुढे काय झाले ते मला कधी कळले नाही.

त्या रात्रीपासून दूरसंचाराकडे पाहण्याची माझी दिशा बदलली. त्याआधी लाइन लागली की काम झाले असे मला वाटे.

आता आकाशवाणी चौकाकडे वळू. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आकाशवाणीची फक्त सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. सरदार पटेल नभोवाणी खात्याचेही मंत्री होते. त्यांच्या काळात नव्या केंद्रांची जी पहिली तुकडी निघाली त्यात नागपूर होते. १६ जुलै १९४८ ला नागपूर केंद्र सुरू झाले. पुण्याला केंद्र मिळाले १९५३ मध्ये, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होते आणि या एका केंद्राला मराठी आणि हिंदी दोन्ही मुलुखांशी बोलायचे होते. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, राजधानी गेली, पण केंद्र राहिले. आपल्या शहराचे राजधानीपण ज्या थोड्या गोष्टींत उरले, त्यात मी या केंद्राला वरचे स्थान देते.

"५१२.८ मीटर म्हणजेच ५८५ किलोहर्ट्झवर" ही घोषणा अनेकांच्या कानात अजून असेल. पाचशे बारा मीटर ही त्या लहरीची लांबी. नुसता आकडा म्हणून सोडून देऊ नका. एवढी लांब लहर फेकायची तर मनोराही तिच्या मापाचा लागतो. लहरीच्या पाव भागाएवढा म्हटला तरी सव्वाशे मीटर भरतो. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात तो अख्खा मनोराच अँटेना असतो. त्याच्या पायथ्यापासून चारी बाजूंना जमिनीखाली तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, झाडाच्या मुळांसारख्या. जमीन नीट ओलावा धरणारी असली, तांबे नीट पुरले असले, तर आवाज लांब जातो. म्हणजे रेडिओ हे हवेचे काम आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात शेतजमिनीचा वाटा विसरतो.

घरी रेडिओ आणायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता आणि संध्याकाळी त्याच्यासमोर सतरंजी पसरली जाई. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात आपल्याकडची बोली ऐकली की माझी आजी पुढे सरकून बसायची. शहरातल्या पेटीतून आपले बोलणे येते, याचा तिला केवढा आनंद! तो आनंद खरा होता. प्रसारणाने दिलेला हा मान मी कमी लेखत नाही.

१ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. सरकारी रेडिओवर व्यापाराचा आवाज पहिल्यांदा आला त्यात आपले शहर होते. गांधीबागेच्या पेठेला त्याचे महत्त्व लगेच उमगले. लुगड्यांची, चादरींची नावे गाण्यांच्या मधून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत जाऊ लागली आणि खेड्यातून आलेले गिऱ्हाईक दुकानात नाव घेऊन येऊ लागले.

याच काळात श्रोत्यांनी एक वाट स्वतः खोदली. फर्माइशीची पत्रे! झुमरी तलैया आणि आपल्या शेजारचे राजनांदगाव ही नावे साऱ्या देशाला ठाऊक झाली ती त्या गावांतून येणाऱ्या पत्रांच्या गठ्ठ्यांमुळे. गाणे तर कुणी ना कुणी मागितलेच असते. मग कार्डामागून कार्ड का लिहायचे? आपले नाव आणि गावाचे नाव त्या पेटीतून परत ऐकू यावे म्हणून. काही पैशांच्या कार्डाने माणूस दिल्ली-मुंबईच्या स्टुडिओला सांगत होता की इथे, या गावात, ऐकणारा एक माणूस आहे.

या परतीच्या वाटेचा विचार जगात ज्यांनी फार मनापासून केला त्यात दक्षिण अमेरिकेतली मंडळी आहेत. १९४७ मध्ये कोलंबियाच्या डोंगराळ भागात, सुतातेन्सा नावाच्या खेड्यात, होसे होआकिन साल्सेदो नावाच्या तरुण पाद्र्याने छोटा ट्रान्समीटर उभा केला. शेतकऱ्यांना लिहा-वाचायला शिकवायचे, शेती आणि आरोग्याचे धडे द्यायचे, हा हेतू. गावोगाव रेडिओ दिले ते त्याच एका केंद्रावर कायमचे लावलेले. ऐकणाऱ्याला दुसरे काही ऐकताच येऊ नये अशी ती पेटी होती आणि त्याबद्दल मला आजही अवघडल्यासारखे होते. पण त्याच केंद्राने श्रोत्यांना पत्रे लिहायला शिकवले आणि आलेल्या पत्रांना उत्तरे पाठवण्यासाठी माणसे बसवली. लाखो पत्रे आली. काल अक्षर शिकलेला माणूस आज रेडिओला पत्र लिहितो आहे आणि त्याला उत्तर येते आहे, हे चित्र माझ्यासारख्या बोर्डावरच्या बाईला फार मोठे वाटते. बोलिव्हियात तर कथलाच्या खाणींतल्या मजुरांनी पगारातून वर्गणी काढून स्वतःची केंद्रे उभारली. १९८० च्या जुलैमध्ये तिथे लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा या खाणकेंद्रांनी एकमेकांना जोडून साखळी केली आणि सैनिक दारात येईपर्यंत बातम्या देत राहिली. मनोरा कोणाचा, यावर बोलणे कोणाचे ते ठरते.

आपणही मागे नव्हतो, हे मुद्दाम सांगायला हवे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून शेतकरी मंडळांचा एक प्रयोग झाला. युनेस्कोची मदत होती. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात घेतली. गावातली पंधरा-वीस माणसे आठवड्यातून दोनदा रेडिओसमोर बसत. कार्यक्रम संपला की सेट बंद करून त्यावर चर्चा करीत आणि त्यांचे प्रश्न टिपून केंद्राकडे पाठवले जात. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने त्याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांना नव्या गोष्टी जास्त कळल्या आणि मंडळ हेच गावाच्या निर्णयाचे एक साधन बनू लागले, असे त्यात दिसले. वीस कार्यक्रमांत एवढे घडले. पुढे देशभर मंडळे निघाली. पण रेडिओ वाटणे सोपे आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा माणूस बसवणे महाग. ती मंडळे विरत गेली तेव्हा देशाने काय गमावले याची मोजदाद आपण केली नाही, याचे मला खरेच वाईट वाटते.

नागपूरच्या वाट्याला आलेल्या सगळ्यात मोठ्या यंत्राबद्दल आता बोलते. १८ मे १९८८ ला आकाशवाणीचे नॅशनल चॅनल सुरू झाले, रात्रभर चालणारे. त्यासाठी नागपूरला एक हजार किलोवॉटचा ट्रान्समीटर होता, १५६६ किलोहर्ट्झचा. एक हजार किलोवॉट म्हणजे शंभर वॉटचे दहा हजार दिवे एकदम पेटवावेत एवढी शक्ती. तो इथे का, याचे उत्तर झिरो माईलच्या दगडापाशी मिळते. देशाच्या मधोमध उभे राहून हाक मारली तर ती चहूकडे सारखी जाईल.

आणि ती रात्रीच का, तर त्याचे कारण आकाशात आहे. दिवसा सूर्यामुळे वातावरणात वर एक थर तयार होतो. तो मध्यम लहरी गिळून टाकतो, म्हणून दिवसा असे केंद्र जमिनीलगत जेवढे पोहोचेल तेवढेच ऐकू येते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली उतरतात. म्हणून नागपूरचा हा आवाज रात्री काश्मीरपासून केरळपर्यंत सापडे. ट्रकचे चालक, रात्रपाळीचे कामगार, सीमेवरचे जवान, दवाखान्यात उशाशी बसलेले नातेवाईक असे त्याचे श्रोते. रात्रपाळी मीही केली आहे. पहाटे तीन वाजता मनुष्याचा आवाज कानावर पडणे म्हणजे काय असते हे ज्याने जागून काढले त्यालाच कळेल. २०१८ च्या डिसेंबरात हे चॅनल बंद करण्याचा निर्णय झाला. खर्चाचा हिशेब मला कळतो. पण त्या एवढ्या प्रचंड हाकेला श्रोत्याकडून उलट ओ देण्याची नीट सोय असती, रात्रीच्या त्या लोकांचा आवाज मोजला जाण्याची काही रीत असती, तर ते बंद करणे इतके मुकाट्याने झाले नसते असे मला वाटते.

टेलिफोनने मात्र परतीची वाट रुंद केली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली आणि सॅम पित्रोदांच्या चमूने १२८ लाइनींचे एक छोटे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते बसले. धूळ, उन्हाळा, विजेचे चढउतार सोसणारे, वातानुकूलनाशिवाय चालणारे. परदेशी यंत्रांना थंड खोली लागे. आपल्या खेड्याचे ऊन धरून रचलेले हे यंत्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याच्यावरून हात फिरवला होता. पाठोपाठ पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ आली. गांधीबागेच्या चौकाचौकांत रात्री दरसवलतीच्या वेळी रांगा लागत. त्यात हमालही असत, आणि समोर लाल आकड्यांचे मीटर पळत असे. आमचे ट्रंक बोर्ड त्या वाऱ्यात गेले. मला त्याचे दुःख झाले नाही. माझे काम त्या माणसाच्या स्वतःच्या बोटांत आले होते.

मोबाईलचा इतिहास तुम्ही जगला आहात, तो मी सांगत बसत नाही. फक्त इंटरनेटबद्दल एक तांत्रिक गोष्ट ऐकून घ्या. २००५ पासून आपल्या घरात टेलिफोनच्याच तांब्याच्या जोडीवरून ब्रॉडबँड आले. त्या तंत्राचे नाव एडीएसएल. त्यातल्या 'ए'चा अर्थ असमान. तांब्याच्या तारेवरची जी जागा होती तिचे दोन भाग केले. मोठा भाग घरात येणाऱ्या मजकुराला आणि अगदी छोटा घरातून बाहेर जाणाऱ्याला. रचना करणाऱ्यांनी धरून चालले होते की घरातला माणूस घेईल जास्त, देईल कमी. हे गृहीतक त्यांनी कागदावर मांडले आणि ते आमच्या तारेत शिरले. मी केबलच्या जोडण्या शिकवायची तेव्हा नव्या मुलांना हा भाग सावकाश समजावून द्यायची. यंत्रात बसवलेली समजूत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती फार टिकते.

आता परत अहेरीच्या वाटेने जाऊ, त्याच्याही पुढे. भामरागडला पर्लकोटा नदी दर पावसाळ्यात पुलावर चढते आणि गावे तुटतात. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्र सरकारने देशभरात २,३४३ ठिकाणी मोबाईलचे मनोरे उभारले, तेही टूजीचे, सौरऊर्जेवर चालणारे. ते फोरजी करायला २०२२ च्या एप्रिलमध्ये मंजुरी मिळाली. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू न्यायची योजना २०११ मध्येच ठरली होती. जंगलातल्या मनोऱ्याला पाठीमागून जोडणारी केबल नसली की तो उपग्रहावर अवलंबून राहतो आणि त्या बारीक वाटेने साऱ्या गावाचे बोलणे जायचे असते. मनोरा दिसतो, फोनवर काड्याही दिसतात, पण शब्द पुढे सरकत नाही. अर्धवट तुटलेल्या त्या "आईले" नंतर इतकी वर्षे गेली, तरी काही ठिकाणी गोष्ट अजून तिथेच आहे.

आणि बोलायचे कोणत्या भाषेत? तिकडचा माणूस माडिया बोलतो, गोंडी बोलतो. याच मुलखाला लागून असलेल्या छत्तीसगडात २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने 'सीजीनेट स्वर' सुरू केले. त्याला इंटरनेट लागत नाही, लिहिता-वाचता येणेही लागत नाही. एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. यंत्र उलट फोन करते. एक दाबले तर आपली बातमी, आपली तक्रार, आपले गाणे गोंडीतही सांगता येते. दोन दाबले तर इतरांचे ऐकता येते. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, शिक्षक येत नाहीत, असे निरोप त्यावर येत गेले आणि ते ऐकून शहरातल्या माणसांनी अधिकाऱ्यांना फोन केले. कित्येकदा पंप सुरू झाला आणि गावकऱ्याने पुन्हा फोन करून तेही सांगितले.

मिस्ड कॉलला आपण कंजूषपणा म्हणतो. मला ते तसे कधी वाटले नाही. पैसा नसलेल्या माणसाने साऱ्या टेलिफोन व्यवस्थेतून शोधून काढलेली ती फुकट हाक आहे. यंत्राने उलट फोन करायचा, म्हणजे बोलण्याचा खर्च विचारणाऱ्याने भरायचा. गुरुजींच्या जोडकार्डाची हीच रीत होती. पुण्यातल्या कुणी त्याला नवे तंत्र म्हणो की दिल्लीतल्या कुणी प्रयोग म्हणो, गांधीबागेतल्या मला ते ओळखीचे वाटले.

ही परतीची वाट मागायला कायद्याचाही आधार आहे. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या एका खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे पाणवठ्यासारखी. तरीही खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. आकाशवाणीच्याच बातम्या पुढे द्यायच्या. गडचिरोलीत गोंडीतून तिथल्याच माणसांनी चालवलेले, स्वतःच्या गावची खबर देणारे एखादे केंद्र असावे, त्याचा मनोरा आणि त्याची वीज सार्वजनिक पैशातून यावी आणि प्रत्येक मनोऱ्याच्या मंजुरीच्या कागदावर उत्तराच्या वाटेचा स्वतंत्र रकाना असावा, अशी माझी मागणी आहे. ही मागणी मी लेखी स्वरूपात दिली आहे आणि पुन्हा देणार आहे.

या सभेसाठी मी आयोजकांना एकच विनंती केली होती, ती त्यांनी मानली. तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर एक पोस्टकार्ड ठेवले आहे. त्यावर माझा पत्ता मी स्वतः लिहिला आहे. मागची बाजू कोरी आहे. माझे चुकले असेल ते, तुमच्या गावच्या मनोऱ्याचे, बंद पडलेल्या टेलिफोनचे, रेडिओवर एकेकाळी ऐकलेल्या कुठल्या आवाजाचे, जे सांगायचे ते लिहा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, गोंडीत लिहिलेत तर मी वाचून घेईन. पेन्सिली दाराशी आहेत आणि पेटीही तिथेच आहे. उत्तराची दुसरी कार्डे माझ्याकडे घरी मोजून ठेवली आहेत.